बाहेरचं

अलिबागच्या त्या सोनोग्राफी सेंटरमधला डॉक्टर सुरुवातीला चांगला बडबड्या होता. किहीमहून आलात का, तिकडचा रस्ता झाला का, शनिवार-रविवारी गर्दी फार असते का. माझ्या पोटावर तो थंडगार बुळबुळीत पदार्थ फासून तो यंत्राचा दांडा फिरवत होता आणि मी लघवी दाबून धरत त्याला उत्तरं देत होते. आमच्या नारळाच्या वाडीत पर्यटकांसाठी कॉटेजेस आहेत म्हटल्यावर त्याने जेवणाची चौकशी केली. मी म्हटलं, मासे, सोलकढी, तांदळाची भाकरी. ‘कोणते मासे?’ असं विचारत त्याने दांडा उजवीकडे नेला आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच गप्प झाला. मी सुरमई म्हटलं, पापलेट म्हटलं, त्याने साधं ‘हूं’सुद्धा केलं नाही.

मग नुसतं ‘कुशीवर व्हा’, ‘श्वास धरा’, ‘सोडा’. यंत्राचं बटण टकटक वाजत राहिलं. त्याने दांडा उजव्या बाजूला एकाच जागी दाबून धरला होता आणि मला दुखतंय हे सांगायचं भानही उरलं नव्हतं.

“काय आहे?” मी विचारलं.

“रिपोर्टमध्ये लिहितो. तुमच्या मॅडमना दाखवा,” तो म्हणाला आणि पुसायला कागद दिला.

बाहेर बाकावर बसले. समोर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. शेजारची पोरसवदा बाई माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, “काकी, कितवा?” माझं वय चव्वेचाळीस, डोक्यावर अर्धे केस पांढरे. एरवी मी तिला चांगली सुनावली असती. माझी जीभ तशी धारदार आहे, जाऊबाई अजून दोन हात लांब बसतात. पण त्या दिवशी मी तिला फक्त “नाही गं” म्हटलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

खरं तर मी गेले होते ते पाळी मागेपुढे होत होती म्हणून आणि पोट जड वाटत होतं म्हणून. आमच्या घरी पोट जड वाटलं की ओवा चावायचा, एवढंच औषध. मी महिनोन् महिने ओवा चावला होता. दोष माझ्याच हातच्या नारळाच्या वाटणाला देत होते.

रिपोर्ट लेकीने वाचला. ती अलिबागला कॉलेजात शिकते, घरातलं इंग्रजी सगळं तिच्याकडेच. उजव्या बीजकोशात गाठ, आत पडदे, आतला द्रव स्वच्छ नाही, काही भाग नीट दिसला नाही. गाठीच्या मागे ‘कॉम्प्लेक्स’ असा शब्द होता. नवऱ्याला वाटलं, गाठ बिल्डिंगएवढी मोठी आहे. लेकीने समजावलं, कॉम्प्लेक्स म्हणजे गुंतागुंतीची.

“म्हणजे त्या डॉक्टरला कळलेलं नाही, एवढंच त्याने इंग्रजीत लिहिलंय,” नवरा म्हणाला.

मला हसू आलं. मग मी न्हाणीघरात गेले, बादलीत नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम शांत बाई. त्यांनी कागदावर गाठ काढून दाखवली, आतले पडदे पेनाने ओढले. म्हणाल्या, “नुसती पाण्याची गाठ असती तर मी तुम्हाला घरी पाठवून विसरून गेले असते. ही तशी नाही. पण वाईटच आहे असंही म्हणता येत नाही. आत रक्त साकळलं असलं तर आपोआप जिरेल.” त्यांनी रक्त तपासायला लावलं. त्यात गाठीसाठी बघतात तो आकडा हवा त्यापेक्षा थोडा वर आला. मॅडम म्हणाल्या, यावरून काही ठरत नाही, तो पाळीच्या दिवसांतही वर जातो. मला त्या काळात सगळेच सांगत होते की यावरून काही ठरत नाही.

मग त्यांनी विचारलं, “पोट फुगतं का? दोन घासांत भरल्यासारखं होतं? पायाला सूज? कमरेत दुखतं?” मी प्रत्येकाला आठवून उत्तर दिलं. शेवटी विचारलं, “घरात कुणाला कॅन्सर? आई, आजी, मावशी, बहीण? छातीचा, गर्भाशयाचा, बीजकोशाचा?”

“कुणालाच नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे सगळे हार्टने जातात.” हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

“चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या घरात काही नाही म्हणून मी जरा निवांत आहे. दोन पाळ्या जाऊ देत, मग परत बघू.”

निवांत त्या होत्या. मी नव्हते. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू झाली होती, कॉटेजेस भरलेली, सकाळपासून चुलीपुढे. पाहुण्यांची मुलं ओल्या अंगाने वाळू घेऊन ओटीवर यायची, त्यांच्या आया ‘काकी, अजून दोन भाकऱ्या’ म्हणायच्या आणि मी थापता थापता एक हात उजव्या बाजूला नेऊन दाबून बघायची. रोज परकराची नाडी बांधताना तिची गाठ कालच्याच जागी येते का ते पाहायचं. एक दिवस आत आली तर खूश, एक दिवस बाहेर गेली तर जेवण जायचं नाही, आणि जेवण गेलं नाही की पुन्हा धस्स, हे दोन घासांत पोट भरणं तर नव्हे? मला मरायची भीती वाटत होती. मोठंमोठं काही नाही, साधी भीती. लेकीचं लग्न, नवऱ्याचं पथ्य वगैरे नंतर सुचायचं. आधी नुसतं वाटायचं, मला मरायचं नाही.

आईला मी फोनवर सांगितलं होतं. माझं माहेर श्रीवर्धनला, सुपारीच्या वाडीत. तिथे आई, भाऊ आणि वहिनी. आईला घाबरवायचं नव्हतं म्हणून मी म्हटलं, “पिशवीच्या बाजूला बारीकशी गाठ आहे, डॉक्टर म्हणतात जिरेल.” आई म्हणाली, “पोट वाढलंय का गो?”

“नाही.”

“बरं,” म्हणाली आणि फोन वहिनीकडे दिला.

त्यानंतर आईचा रोज फोन. एरवी तिला फोन म्हणजे डोक्याला ताप, भावानं कानाला लावून दिला तरी ‘बरी हायस ना’च्या पुढे जायची नाही. आता स्वतः लावायला शिकली. आणि रोज तेच. पोट वाढलंय का? सकाळी उठल्यावर चपटं असतं का? पाय सुजलेत? भाकरी किती खाल्लीस, अर्धीतच पोट भरलं का? मध्येच एकदा तिने देवळात कौल लावून घेतला. भावाने मुद्दाम फोन करून कळवलं, कौल उजवा पडला, काळजी करू नको. मी म्हटलं, “माझी गाठ पण उजवीकडेच आहे, देवाने नक्की कशाला हो म्हटलंय ते विचार.” भाऊ हसला नाही.

दुसरी सोनोग्राफी मुद्दाम वेगळ्या ठिकाणी केली. हा डॉक्टर पहिल्यापासूनच गप्प होता, त्यामुळे गप्प झाला कधी ते कळायला मार्ग नव्हता. गाठ जिरली नव्हती. थोडी वाढली होती की दुसऱ्या बाजूने मोजली म्हणून मोठी वाटत होती, हे त्यालाही सांगता येईना. निश्चित सांगता येत नाही, असं त्याने या वेळी स्पष्टच लिहिलं होतं. मॅडमनी मुंबईला एमआरआय करायला सांगितलं आणि वर म्हणाल्या, “नंबर लागायला वेळ लागला तरी घाबरू नका. थोडं थांबायला हरकत नाही. घरात तसा इतिहास नाही ना.”

त्या दुपारी पाहुणे समुद्रावर गेले होते आणि मी मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसले होते. आईचा फोन आला. लेकीने स्पीकरवर टाकला. आईने आपली प्रश्नावली म्हटली. पोट, पाय, भाकरी. या वेळी आणखी एक, “कमरंत दुखतंय का गो?” फोन ठेवल्यावर लेक सहज म्हणाली, “आजी डॉक्टरच झालीय. हेच तर मॅडमनी विचारलं होतं ना?”

माझा हात थांबला. हेच विचारलं होतं, जवळजवळ याच क्रमाने. आणि मी तर आईला मॅडमचे प्रश्न कधी सांगितले नव्हते. माझी आई चौथी शिकलेली, तिचा डॉक्टरशी संबंध बाळंतपणापुरता आणि मोतीबिंदूपुरता. तिला हे कुणी शिकवलं?

आणि मग मला मावशी आठवली. खरं सांगायचं तर आठवली म्हणणंही बरोबर नाही, कारण मावशी मी कधी मोजलीच नव्हती. आईची मोठी बहीण, नवरा वारल्यावर तळ्याकडच्या आजोळी परत आलेली. मी चार-पाच वर्षांची असताना गेली. आजोळच्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलेलं असायचं आणि आम्हां पोरांना तिकडे जायची बंदी होती. एकदा मी फटीतून डोकावले होते. मावशी खिडकीशी बसली होती, दोन्ही हात पोटावर. का कोंडलंय म्हणून विचारलं तर आजी म्हणाली होती, तिला बाहेरचं झालंय. बाहेरचं म्हणजे कुणाची तरी लागीर, हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही कळतं. त्यामुळे मावशी कशाने गेली याचं उत्तर माझ्याकडे पहिल्यापासून तयार होतं आणि त्याचा आजाराशी काही संबंध नव्हता. मॅडमनी मला घरातलं विचारलं होतं. आमच्याकडे जे होतं ते बाहेरचं होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली. एरवी मला त्या खाडीत वारा खात उभं राहायला आवडतं. त्या दिवशी मी काच वर करून आत बसून राहिले. नवरा दोनदा येऊन चहा हवा का विचारून गेला. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. मला बघून उठली नाही. आधी पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. नवरा भावाबरोबर वाडीत गेल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, “आई, मावशीला काय झालं होतं?”

“बाहेरचं झालं व्हतं.”

“आई, मला डॉक्टरला सांगायचंय. डॉक्टरला बाहेरचं सांगता येत नाही.”

ती सोलत राहिली. मग खाली बघूनच बोलायला लागली. “तिचं पोट वाढाया लागलं. तिचा घरवाला जाऊन दोन वर्सं झालेली. रांडाव बाईचं पोट, कसं दिसतंय ते सांग. आमच्या आबांनी, बापानंच, तिला मागच्या खोलीत घातली. डागदरकडं न्हेली न्हाय. डागदर काय सांगंल, त्याची लाज. मग भगत आणला. भगत म्हनला बाहेरचं हाय. आमाला बरंच झालं. बाहेरचं म्हटलं की लाज न्हाय लागत.”

“आणि ती काय म्हणायची?”

“ती देवाची शप्पत घ्यायची. मी काय केलं न्हाय म्हनायची. दोन घास खाल्लं की पुरं म्हनायची. कंबर धरून रडायची. पाय तर असं सुजलं व्हतं.” आईने हातातली सुपारी ठेवली. “मी सोताची भयीन. मी जवळ बसलू नि तिला इचारलं, खरं सांग, कोनाचा हाय? ती माझ्याकडं बघतच ऱ्हायली. त्याच्यानंतर माझ्याशी बोलली न्हाय.”

मी खाली पडलेली सुपारीची सालं गोळा करू लागले.

“आमी वाट बघत व्हतो गो,” आई म्हणाली. “नऊ म्हैने झालं, वर झालं. कायच न्हाय. तवा कळलं, पोर न्हवतंच. तवा ती ऱ्हायलीच न्हवती, नुसतं पोट ऱ्हायलं व्हतं.”

मला आईचा इतका राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की मी उठले नाही. चाळीस वर्षं ही बाई रोज एकेक खूण मनात मोजत बसली होती, पोट, पाय, घास, कंबर, आणि एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगायचं तर सोडाच, बहिणीचं नावही घरात निघालं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि परत सुपारीला लागली. निघताना मात्र गाडीजवळ येऊन म्हणाली, “डागदरला सांग, तिनं काय केलं न्हवतं.”

मॅडमना मी सगळं सांगितलं. ‘कोणाचा’ हेसुद्धा सांगितलं, का कोण जाणे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“वय काय होतं?”

“चाळिशीच्या आतली.”

“आता थांबायचं नाही,” त्या म्हणाल्या. आठवड्यापूर्वी ज्या खुर्चीत बसून थोडं थांबायला हरकत नाही म्हटलं होतं त्याच खुर्चीत, तशाच शांत आवाजात. त्यांनी माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. फोनवर मात्र त्या घाईने बोलत होत्या.

एमआरआय झाला, मग मुंबईतच ऑपरेशन झालं. गाठ, दोन्ही बीजकोश, पिशवी, सगळं काढलं. तुकडा तपासायला गेला. ते दिवस मी सांगत नाही, कारण मला ते नीट आठवतच नाहीत. नवरा खाटेशेजारी बसून पेपर वाचायचा आणि पान उलटायचा नाही एवढं आठवतं. मग रिपोर्ट आला. बॉर्डरलाइन. काठावरची गाठ, कॅन्सर म्हणता येणार नाही आणि नाही असंही म्हणता येणार नाही.

“काठावर म्हणजे पास ना?” नवऱ्याने विचारलं.

मुंबईचे मोठे डॉक्टर पहिल्यांदाच हसले. “नापास नाहीत. निकाल राखून ठेवलाय असं समजा. दर काही महिन्यांनी यायचं, वर्षानुवर्षं यायचं.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला मुलगी आहे?”

“आहे. एकोणीस वर्षांची.”

“तुमच्या मावशीचं नक्की काय होतं ते आता कळायला मार्ग नाही. पण त्या आणि तुम्ही, दोघी झालात. मुलीला सगळं सांगून ठेवा. काही त्रास असला तर तिने लपवता कामा नये.”

मी घरी आले तेव्हा आई किहीमला येऊन राहिली होती. लग्नानंतर इतकी वर्षं कधी दोन दिवसांच्या वर राहिली नव्हती, ती आता पिशवीभर कपडे घेऊन आलेली. एका दुपारी, पाहुणे नव्हते, मी लेकीला पडवीत बसवली. आई तिथेच भाजी निवडत होती. तिला मी आत जा म्हटलं नाही, ती गेलीही नाही. मी लेकीला सगळं सांगितलं. गाठ, काठ, मावशी, मागची खोली, भगत, नऊ महिने. आईने काय विचारलं होतं ते सांगताना मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, सांग. मी सांगितलं. बोलता बोलता मला बरं वाटायला लागलं. वाटलं, झालं, जे चाळीस वर्षं कुणी केलं नाही ते मी एका दुपारात केलं.

लेक ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मी थांबल्यावर तिने वर बघितलं नाही.

“आई, मला तीन महिने पाळी आली नाही,” ती म्हणाली. “पोट पण जड वाटतं. तुझं ऑपरेशन होऊ दे म्हटलं, मग सांगू. तू आधीच काळजीत होतीस.”

मी तिच्या पोटाकडे बघितलं. आणि माझ्या तोंडात पहिला प्रश्न आला तो पोटाचा नव्हता, दुखण्याचा नव्हता, पायांच्या सुजेचा नव्हता. जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला, अगदी आयता, कुणीतरी आधीच तयार करून ठेवलेला. मी तोंड उघडलंही होतं.

आईने माझ्या मनगटाला घट्ट धरलं. इतकी ताकद तिच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. “इचारू नको,” ती म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं. मग भाजीचं ताट बाजूला सारून, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नातीला म्हणाली, “उठ बाय. कापडं बदल. आत्ताच्या आत्ता डागदरकडं जायाचं.”

नवऱ्याने गाडी काढली. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, येताना भरपूर पाणी प्यायला लावा. अलिबागच्या रस्त्यावर लेक आमच्या दोघींच्या मध्ये बसून बाटलीतलं पाणी घोट घोट पीत होती. आई तिच्या उजव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती, मी डाव्या. तिच्या पोटाकडे आम्ही दोघीही बघत नव्हतो.